मिनारीतली आज्जी (यून यो-जंग) : आईला पुढे काय दाखवू?

द्राक्षपंढरी
नमस्कार मंडळी, प्रश्न सिनेमाचाच आहे पण आधी थोडं रामायण सांगावं लागेल, सांभाळून घ्या.

आई सध्या माझ्याकडे आहे नाशिकला, इंदिरानगरमध्ये, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून दोन महिने मुक्काम. सगळं आयुष्य निफाडकडे मळ्यात गेलेलं, फ्लॅटमध्ये जीव रमत नाही. सिरियल तिला आवडत नाहीत, म्हणते एकच बाई आठवडाभर जिन्यावरून पडतीये अजून खाली पोचली नाही. तर मागच्या शनिवारी मी आपला माझ्यासाठी मिनारी (अमेरिकेत शेती करायला गेलेल्या कोरियन कुटुंबाचा पिक्चर) लावला, वाटलं ही दहा मिनिटात घोरायला लागेल. इंग्रजी येत नाही, कोरियन तर सोडाच, म्हणून मी पॉज करून करून सबटायटल मराठीत सांगत होते आणि दोन तासाचा पिक्चर साडेतीन तास चालला. झोपली नाही!! उलट मलाच दामटवत होती, "पुढं लाव, चहा नंतर."

तिला त्यातलं अमेरिका वगैरे काही परकं वाटलंच नाही. तो बाप पाणाड्याला पैसे द्यायचे नाहीत म्हणून स्वतःच्या डोक्याने जागा ठरवतो आणि विहीर खणतो ना, तिथेच आई म्हणाली "मेला आता हा." पुढे ती विहीर आटतेच. मग डलासचा व्यापारी माल तयार झाल्यावर ऐनवेळी नाही म्हणतो, तिथे तर आईने त्या व्यापाऱ्याला अशा काही लाखोल्या वाहिल्या की विचारू नका, आमच्या बागेवर असले प्रकार दोनदा झालेत. सौदा झाला, माल तोडायला आला आणि गाडी आलीच नाही.

आणि ती आज्जी. पत्ते खेळणारी, शिव्या देणारी, टीव्हीवर कुस्त्या बघणारी. आई म्हणे ही नटी नाहीच, कुणाची तरी खरी आज्जी धरून आणलीये. मी सांगितलं अगं तिला ऑस्कर मिळालाय, त्र्याहत्तराव्या वर्षी. तर आईचा प्रश्न : "मग इतकी वर्षं काय करत होती?"

मला उत्तर आलं नाही. कुठेतरी वाचलंय की ती मध्ये काम सोडून अमेरिकेत होती आणि दुकानात गल्ल्यावर बसायची. खरंय का हे की आपलं व्हॉट्सॲप ज्ञान? आणि तिचं दुसरं काय बघण्यासारखं आहे जे मी आईसोबत बघू शकते? भुताटकी नको, आणि हॉलमधून बारावीतला मुलगा ये जा करत असतो त्यामुळे तसले सीन पण नकोत.

पंचवटी_एक्सप्रेस
पाचिंको लावा. ॲपल टीव्हीवर आहे, २०२२ ला पहिला सीझन आला आणि २०२४ ला दुसरा. सुंजा नावाच्या बाईची गोष्ट, कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हापासून सुरू होते, तरुणपणची सुंजा किम मिन-हा आणि म्हातारपणची ही.

मी रोज नाशिकरोड ते मुंबई अपडाऊन करतो, अख्खा पहिला सीझन गाडीत बघितलाय (कसाऱ्याच्या घाटात नेट जातं, डाऊनलोड करून ठेवा). त्यात एक भाताचा सीन आहे. म्हातारी सुंजा जपानमध्ये दुसऱ्या एका कोरियन म्हातारीच्या घरी जाते, तिथे साधा पांढरा भात वाढतात, ही एक घास घेते आणि तिला कळतं की हा तांदूळ आपल्याकडचा आहे, जपानचा नाही. बस एवढंच, डायलॉग फार नाही, नुसतं चावणं हळू होतं आणि डोळे भरतात. मी घोटीचा आहे हो, इंद्रायणी खाऊन वाढलेला, पुण्याला हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी जो भात आला तो आठवला आणि भर डब्यात रडलो. शेजारचे काका म्हणे काय झालं, मी म्हटलं काही नाही, भात.

जुने_रीळ
गल्ल्याचं खरंय. व्हॉट्सॲप ज्ञान नाही, तिने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. पण "काम सोडून" हे अर्धंच झालं, म्हणून जरा लांबण लावतो, आईंना वाचून दाखवा.

जन्म १९४७, केसाँगचा, हे गाव आता उत्तर कोरियात आहे. वडील लवकर गेले. कॉलेजात असताना टीव्ही स्टेशनवर कार्यक्रमात प्रेक्षकांना बक्षिसं वाटायचं काम मिळालं, त्याचे पैसे बरे होते, तिथून कोणीतरी म्हणालं ऑडिशन दे आणि १९६६ मध्ये टीबीसी नावाच्या चॅनलमध्ये ती निवडली गेली. म्हणजे लहानपणापासून नाटकाचं वेड वगैरे काही नाही, हा पहिल्यापासून पैशाचा मामला. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

१९७१ हे तिचं वर्ष. टीव्हीवर जांग ही-बिन केलं, राजवाड्यातली कारस्थानी राणी, कोरियात ही गोष्ट शेंबडं पोर पण सांगेल. आणि त्याच वर्षी किम की-यंग नावाच्या दिग्दर्शकाने तिला पहिल्या सिनेमात घेतलं, वुमन ऑफ फायर. कोंबड्यांचं फार्म असलेल्या घरात खेड्यातली मोलकरीण कामाला येते आणि त्या घराची वाट लागते. ती मोलकरीण ही. चोवीस वर्षाची पोरगी, पहिलाच सिनेमा, तिकडच्या ब्लू ड्रॅगनला बेस्ट ॲक्ट्रेस आणि स्पेनच्या सिट्जेस फेस्टिव्हलला पण. पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकाबरोबर इन्सेक्ट वुमन. हे दोन्ही आईंसोबत अजिबात लावू नका. उंदीर, रक्त, वेडाचार, सगळं आहे. एकट्याने रात्री बघा.

मग ऐन भरात असताना एका प्रसिद्ध गायकाशी लग्न झालं आणि दोघं अमेरिकेला गेले, फ्लोरिडात. दोन मुलं झाली. सुपरमार्केटमध्ये कॅशियरचं काम केलं, तासाला २.७५ डॉलर. १९८४ ला परत आली, १९८७ ला घटस्फोट. आता खरी गंमत इथून आहे. आपण म्हणतो कमबॅक झालं, पण परत आल्यावर तिच्यासाठी लाल गालिचा नव्हता अंथरलेला. घटस्फोटित बाई टीव्हीवर कशाला असं म्हणणारे प्रेक्षक होते, तिचा आवाज घोगरा म्हणून पण नावं ठेवायचे. दोन पोरं पदरात, फी भरायची, मग मिळेल तो रोल घेतला, कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची सासू, दोन सीन तर दोन सीन. लेखिका किम सू-ह्यन मैत्रीण होती (तो हिरो नव्हे हो पोरींनो, ही वेगळी, कोरियन सिरियलची फार मोठी लेखिका), तिच्या सिरियलींमधून घर चाललं. तर तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर हे की इतकी वर्षं ती कामच करत होती, आपण बघत नव्हतो.

सिनेमात पुन्हा नाव झालं ते २००३ ला, अ गुड लॉयर्स वाइफ, दिग्दर्शक इम सांग-सू. त्यात नवरा मरणाच्या दारात असताना दुसऱ्याच्या प्रेमात पडलेली सासू केली हिने, साठीला टेकताना, तेही बिनधास्त. मग २०१० ला त्याच दिग्दर्शकाने द हाऊसमेड काढला. आता हा धागा बघा. किम की-यंगचा मूळ हाऊसमेड १९६० चा, वुमन ऑफ फायर म्हणजे त्याने स्वतःच नव्याने सांगितलेली तीच गोष्ट, आणि २०१० चा पुन्हा त्याच मूळ सिनेमाचा रिमेक. १९७१ ला जी पोरगी मोलकरीण होती ती एकोणचाळीस वर्षांनी त्याच गोष्टीत म्हातारी मोलकरीण होऊन आली, नव्या पोरीला काम शिकवणारी, मालकांना पाठीमागे शिव्या घालणारी. तरुण मोलकरीण जॉन दो-यॉन, जिला २००७ ला फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं होतं. समोर एवढी तगडी नटी असून लक्षात कोण राहते तर ही.

येवलेकरीण
जुने रीळ, मस्त लिहिलंय. मी एक जोडते. जांग ही-बिन केल्यावर लोक तिच्यावर एवढे खवळले होते की कोल्ड्रिंकच्या जाहिरातीच्या पोस्टरवरचे तिचे डोळे फोडायचे. हे वाचल्यावर मला आमच्या येवल्याचीच बाई आठवली, ललिता पवार. हो, येवल्याचा जन्म, १९१६ चा, बऱ्याच नाशिककरांना माहीतच नसतं, आपण पैठणीच्या पुढे जात नाही.

त्या पण हिरोइन होत्या आधी, मूकपटापासून. १९४२ ला शूटिंगमध्ये कानाखाली मारायचा सीन होता, भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याला लकवा मारला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. तीनेक वर्षं उपचारात गेली. हिरोइनचं काम संपलं. मग तोच डोळा बारीक करून पुढची चाळीस वर्षं त्यांनी सासवा केल्या, आणि रामायणातली मंथरा. माझी आजी सांगायची की गावात बायका मंथरेला टीव्हीसमोर बोटं मोडायच्या, आणि त्याच म्हणायच्या "आपल्या गावची आहे हो." फिल्मफेअर मिळालं ते अनाडीतल्या मिसेस डिसासाठी, म्हणजे प्रेमळ म्हातारीसाठी, खाष्ट सासूसाठी नाहीच!

फरक एवढाच की आमच्या बाईंना पंचाहत्तरीत कुणी मिनारी लिहून दिला नाही.

सिडको_सम्राट
सगळं ठीकाय पण मला हे ऑस्कर प्रकरण थोडं हाईप वाटतं. पॅरासाइटनंतर हॉलिवूडला कोरियाचा पुळका आला होता, त्या लाटेत मिळून गेलं. मिनारीत ती तशी सपोर्टिंगच आहे, अर्ध्यातून तर आजारीच दाखवलीये. एवढं काय?

जुने_रीळ
सम्राट, लाट होती मान्य. पण त्या लाटेत पॅरासाइटला फेब्रुवारी २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाले तरी त्यातल्या एकाही नटाला साधं नॉमिनेशन नव्हतं. अभिनयासाठी नॉमिनेशन मिळालेली पहिली कोरियन नटी ही, आणि मिळाला पण. आशियाई बायकांमध्ये हिच्या आधी फक्त जपानची मियोशी उमेकी, सायोनारा सिनेमासाठी, १९५८ च्या सोहळ्यात. मधली त्रेसष्ट वर्षं कोरी. लाटेवर एवढं अंतर नाही कापता येत.

आणि "अर्ध्यातून आजारी" म्हणताय तेच तर काम आहे राव. (द्राक्षपंढरींनी बघितलाय म्हणून बोलतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडा.) पहिल्या अर्ध्यात ती बडबड करून, पत्ते पिसून हसवते, आणि पक्षाघातानंतर तिच्याकडे ना हातवारे ना डायलॉग, तोंडाची एक बाजू ओढलेली, तरी शेवटी रस्त्याने भलत्याच दिशेला चालत जाते तेव्हा नुसत्या पाठीवरून कळतं की हिला आता घरी यायची लाज वाटतीये. पाठीने अभिनय. करून दाखवा.

दिग्दर्शक ली आयझॅक चुंगची ती खऱ्या आज्जीवरून लिहिलेली भूमिका. हिने आधीच विचारलं, तुझ्या आज्जीची नक्कल करू का? तो म्हणाला नको, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. तिथेच तिला पोरगा आवडला असं ती सांगते. साठीनंतर तिने ठरवलं होतं म्हणे की आता पैशाकडे बघायचं नाही, आवडत्या माणसांबरोबरच काम करायचं. मिनारी म्हणजे छोट्या बजेटचा सिनेमा, ओक्लाहोमातल्या उन्हाळ्यात पंचवीस दिवसात उरकलेला. या वयात तिला कुणी सांगितलं होतं तिथे तापायला जायला.

पंचवटी_एक्सप्रेस
ऑस्करचं भाषण यूट्यूबवर बघा, आईंना आवडेल. एप्रिल २०२१, आपल्याकडे दुसऱ्या लाटेत सगळे घरात, मी सकाळी मोबाईलवर बघितलं होतं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसलो असेन. ब्रॅड पिटने पाकीट उघडलं, त्याची कंपनी होती ना निर्मात्यांमध्ये, तर ही पहिलं काय म्हणते, की मिस्टर पिट शेवटी भेटलात, आम्ही शूटिंग करत होतो तेव्हा कुठे होता! मग सांगितलं की तुम्ही सगळे माझं नाव चुकीचं घेता पण आज सगळ्यांना माफ. (म्हणजे मी इथे यून यो-जंग लिहितोय, कोणी युह-जंग लिहितं, आपल्याला पण माफ.) ग्लेन क्लोजला (हॉलिवूडची मोठी नटी, त्याच बक्षिसासाठी नॉमिनेशन होतं) मी कशी हरवणार, नशीब थोडं जास्त म्हणून मिळालं, असं पण म्हणाली. दोन मुलांना म्हणाली की तुम्हीच मला कामाला बाहेर काढलंत, त्याचं हे फळ. नंतर कुणीतरी पत्रकाराने विचारलं ब्रॅड पिटचा वास कसा होता, तर ही म्हणे मी वास घेतला नाही, मी काय कुत्रा आहे का.

पण मला जास्त आवडतं ते पुढच्या वर्षीचं, २०२२ चं. ती बक्षीस द्यायला आली होती, पाकीट उघडलं आणि आधी तोंडाने नाव न घेता हाताने खुणा केल्या. कारण जिंकला होता ट्रॉय कोत्सुर, त्याला ऐकू येत नाही. आणि तो भाषण करायला उभा राहिला तर दोन्ही हात लागणार ना बोलायला, म्हणून हिने बाहुली परत स्वतःच्या हातात घेतली आणि तो बोलतोय तोवर बाजूला धरून उभी राहिली. पाहुण्याच्या हातातली पिशवी आपण घेतो तशी.

जुने_रीळ
आणि त्या ऑस्करच्या भाषणात शेवटी तिने किम की-यंगचं नाव घेतलं, पहिला दिग्दर्शक म्हणून, आज असते तर खूश झाले असते म्हणून. तो १९९८ मध्ये घराला लागलेल्या आगीत बायकोसकट गेला. ऑस्करनंतर कोरियात वुमन ऑफ फायर परत थेटरात लावला, पन्नास वर्षांनी. कोरियन फिल्म अर्काइव्हचं यूट्यूब चॅनल आहे, जुने बरेच सिनेमे फुकट आणि इंग्रजी सबटायटलसह. दादासाहेब फाळक्यांच्या नाशिकमध्ये बसून मला त्याचा हेवा वाटतो, आपल्या कितीतरी मूकपटांचं एक रीळ सुद्धा उरलेलं नाही. असो, विषयांतर.

येवलेकरीण
आईसोबत बघायची यादी मागितली होती ना, कोणी नीट दिलीच नाही, सगळे आपापलं सांगत बसलेत 😄

पहिला कनोला, २०१६ चा. जेजू बेटावर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायका असतात, त्यातली ही एक आज्जी, बाजारात नात हरवते आणि बारा वर्षांनी परत येते. रडवतो, स्वच्छ आहे, मुलगा हॉलमधून शंभरदा गेला तरी चालेल. दुसरा युन्स किचन, सिनेमा नाही तर शो आहे, २०१७ चा. इंडोनेशियात एका बेटावर छोटं हॉटेल उघडलंय आणि ही सत्तरीतली बाई खरोखर स्वयंपाकघरात उभी राहून बुलगोगी परततीये. गिऱ्हाईक आलं की घाबरते, गिऱ्हाईक नाही आलं की जास्त घाबरते. यात सबटायटल थोडी हुकली तरी काही बिघडत नाही, आईला कढई बघून सगळं कळेल.

द बॅकस लेडी मात्र आधी एकटीने बघ आणि मग ठरव. सोलच्या पार्कात म्हाताऱ्यांना बॅकस नावाच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या विकायच्या निमित्ताने शरीर विकणारी पासष्टीची बाई, आणि पुढे तेच म्हातारे तिला मरायला मदत कर म्हणतात. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम ते आहे, मिनारीपेक्षा. गोरगरीब म्हातारपणाचा असा सिनेमा मी दुसरा बघितला नाही. पण ऑपरेशन झालेल्या आईला दाखवावा का, तू ठरव.

सिडको_सम्राट
ओके मी माघार. काल पाठीचा सीन परत बघितला. पक्षाघात माझ्या आजोबांना झाला होता, ते तोंड अगदी तस्सं असतं. तरी पहिला अर्धा संथ आहे, ते मी म्हणणारच.

द्राक्षपंढरी
बापरे, सगळ्यांचे आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, दोन दिवस लागले.

ललिता पवार म्हटल्यावर तिला सगळं एकदम समजलं, म्हणाली "हां, मग तसं सांग ना." २.७५ डॉलरवर अडली, म्हणे म्हणजे किती. मी बघितलं, त्या काळात डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तासाला बावीस रुपये. आई गप्पच झाली. मग म्हणाली मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच्या बागेत दिवसाला तीन रुपये रोजाने जायचे, ही तर श्रीमंत होती. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, पण तिला तिथं कुणी ओळखीचं नसेल, मला निदान सगळ्याजणी होत्या बरोबर.

आणि मिनारी म्हणजे काय ते पण तिला हवं होतं. मी म्हटलं ओढ्याकाठी लावतात ती भाजी, बी टाकलं की आपली आपण वाढते, गरीब श्रीमंत कोणीही उपटून खावी. तर म्हणे आपलं अळू. मोरीच्या पाण्यावर येतं ते. मी म्हटलं हो, अळूच. आता गावी फोन करून वहिनीला मागच्या मोरीजवळचं अळू कापू नको म्हणून सांगून झालंय, का ते मला विचारू नका.

कनोला बघून झाला, रडणं झालं. काल पाचिंको सुरू केलं. सबटायटल वाचायचं काम आता चिरंजीवांकडे गेलंय, माझा घसा बसला. मी मिनारीत शिव्या गाळत होते, आईसमोर कशा वाचणार. काल त्याच्यासाठी म्हणून मिनारी परत थोडा लावला आणि त्याने पत्त्यांचा सीन होता तसा वाचला, आज्जी खेळता खेळता शिवी देते तीसकट, जोरात. मला वाटलं आता हा मार खाणार. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तरी मी म्हणत होते, ती बोलत जास्त होती आणि तू सांगत कमी होतीस."